मानव संसाधन व्यवस्थापनात कार्य विश्लेषणाची भूमिका : पदनाम आणि प्रत्यक्ष काम यांतील अंतराचा विचार

प्रस्तावना

कोणत्याही संघटनेत पदे असतात, पदांना नावे असतात आणि त्या नावांपुढे वेतनश्रेणी लिहिलेली असते. मात्र त्या पदावरील व्यक्ती कामावर आल्यापासून घरी जाईपर्यंत नेमके काय करते, याची पद्धतशीर नोंद अनेक ठिकाणी आढळत नाही. लिपिक, परिचर, सहायक, पर्यवेक्षक ही नावे वर्षानुवर्षे तीच राहतात. त्यांमागील काम मात्र बदलत जाते. टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक आला, नोंदवहीच्या जागी ऑनलाइन प्रणाली आली, तरी सेवापुस्तकातील पदनाम बदलले नाही. पदनाम आणि प्रत्यक्ष काम यांत अशा प्रकारे अंतर निर्माण होते. भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन, वेतन व बढती यांविषयीचे निर्णय या अंतराकडे दुर्लक्ष करून घेतले जातात, तेव्हा त्याची किंमत कर्मचाऱ्यास मोजावी लागते आणि कालांतराने संघटनेसही.

हे अंतर शोधण्याचे व भरून काढण्याचे शास्त्रीय साधन म्हणजे कार्य विश्लेषण होय. मानव संसाधन व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत कार्य विश्लेषणाचे प्रकरण बहुधा भरतीच्या आधी येते. त्यामुळे ती भरतीपूर्व कागदोपत्री तयारी आहे, असा समज रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात कार्य विश्लेषणाची संकल्पना, पार्श्वभूमी, पद्धती व उपयोग यांची मांडणी केली असून, कार्य विश्लेषण हे कार्यक्षमतेइतकेच न्यायाचेही साधन आहे, हे काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहे.

कार्य विश्लेषण : संकल्पना व घटक

एखाद्या पदावर कोणती कामे केली जातात, ती कशी, कशासाठी व कोणत्या परिस्थितीत केली जातात आणि ती समाधानकारकपणे पार पाडण्यासाठी कोणते ज्ञान, कौशल्य व क्षमता लागतात, यांविषयीची माहिती पद्धतशीरपणे गोळा करून तिचे पृथक्करण करणे म्हणजे कार्य विश्लेषण होय. येथे विश्लेषण पदाचे केले जाते, व्यक्तीचे नव्हे. पदावरील व्यक्ती हुशार आहे की मंद, नियमित आहे की अनियमित, हा कामगिरी मूल्यमापनाचा विषय आहे.

कार्य विश्लेषणातून प्रामुख्याने दोन दस्तऐवज तयार होतात.

१) कार्य वर्णन : यात पदाचे नाव, पदाचा उद्देश, कर्तव्ये, जबाबदाऱ्या, अधिकार, वापरावयाची साधने, कोणास जबाबदार राहावयाचे व कोणावर देखरेख ठेवावयाची, तसेच कामाची परिस्थिती व त्यातील धोके यांचा समावेश होतो.

२) कार्य विनिर्देश : यात ते काम करणाऱ्या व्यक्तीच्या अंगी असावयाची किमान पात्रता, अनुभव, कौशल्ये व शारीरिक क्षमता नमूद केल्या जातात.

या दोहोंतील क्रम महत्त्वाचा आहे. विनिर्देश वर्णनातून निघाला पाहिजे. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातील प्रयोगशाळा परिचराचे उदाहरण घेता येईल. 'परिचर' या शब्दावरून झाडलोट, काचपात्रे धुणे व साहित्याची ने-आण एवढेच काम डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्ष निरीक्षण केल्यास आढळते की बाटल्यांवरील नावे वाचून रसायने योग्य जागी ठेवणे, सांडलेले आम्ल सुरक्षितपणे पुसून घेणे आणि पुष्कळदा तीव्र आम्लाचे विरल द्रावण तयार करण्यास मदत करणे, हीही कामे त्याच्याकडे येतात. सल्फ्युरिक आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात थोडे थोडे मिसळावयाचे असते; पाणी आम्लात ओतल्यास निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे द्रावण उसळून अंगावर उडते. हे काम कार्य वर्णनात नोंदलेले नसेल, तर त्यासाठी प्रशिक्षण देण्याची, हातमोजे व चष्मा पुरविण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. कामाची नोंद नसते, तेथे धोक्याचीही नोंद नसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

काम लहान घटकांत विभागून अभ्यासण्याची पद्धत फ्रेडरिक टेलर यांनी अमेरिकेतील पोलाद कारखान्यांत रूढ केली. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे' या ग्रंथाने तिला जगभर प्रसिद्धी मिळाली. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने हालचालींच्या अभ्यासाची जोड दिली. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी ट्रामचालकांच्या कामाचा अभ्यास करून, त्या कामास कोणत्या प्रकारचे अवधान लागते हे आधी ठरवावे व नंतर चालक निवडावा, असा विचार मांडला. काम आधी आणि निवड नंतर, हे आजच्या कार्य विश्लेषणाचे सूत्र तेथे स्पष्टपणे दिसते.

१९३९ मध्ये अमेरिकेच्या रोजगार सेवेने व्यवसायनामांचा कोश प्रसिद्ध केला व त्यात सतरा हजारांहून अधिक कामांची वर्णने दिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा 'ओनेट' या संगणकीय माहितीकोशाने घेतली. भारतात श्रम मंत्रालयाने तयार केलेले राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण याच स्वरूपाचे आहे. त्याच्या १९६८, २००४ व २०१५ च्या आवृत्त्या झाल्या असून २०१५ च्या आवृत्तीत प्रत्येक व्यवसायास आठ अंकी संकेतांक दिला आहे. असे कोश हे संघटनेने स्वतः करावयाच्या विश्लेषणाचा आरंभबिंदू ठरू शकतात. त्याचा पर्याय मात्र ठरू शकत नाहीत. एकाच नावाचे पद दोन संस्थांत भिन्न काम करीत असू शकते.

कार्य विश्लेषणाच्या पद्धती

१) निरीक्षण पद्धती : काम पुनरावृत्तीचे व डोळ्यांना दिसणारे असेल, तेथे ही पद्धत उपयुक्त ठरते. बौद्धिक कामास ती अपुरी पडते. ग्रंथपाल वाचकास योग्य संदर्भ सुचवितो, तेव्हा त्याच्या मनात चाललेली प्रक्रिया निरीक्षकास दिसत नाही.

२) मुलाखत पद्धती : पदधारक व त्याचा पर्यवेक्षक या दोघांची मुलाखत घेणे आवश्यक असते. दोघांच्या उत्तरांत जेथे तफावत आढळते, तेथेच बहुधा महत्त्वाची माहिती दडलेली असते.

३) प्रश्नावली पद्धती : कमी वेळात अनेकांकडून माहिती मिळते. अर्नेस्ट मॅकॉर्मिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद विश्लेषण प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तीत १९४ बाबी असून माहितीचा स्रोत, मानसिक प्रक्रिया, कार्यनिष्पत्ती, इतरांशी संबंध, कामाची परिस्थिती व इतर वैशिष्ट्ये अशा सहा विभागांत त्यांची मांडणी केलेली आहे.

४) दैनंदिनी पद्धती : कर्मचारी स्वतः ठरावीक काळ आपल्या कामांची वेळेसह नोंद ठेवतो. ज्या पदांचे काम हंगामानुसार बदलते, तेथे दैनंदिनी वर्षातील निरनिराळ्या टप्प्यांवर ठेवावी लागते. प्रवेश, परीक्षा व निकाल या काळांत महाविद्यालयीन कार्यालयाचे काम सारखे नसते.

५) निर्णायक प्रसंग पद्धती : जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांविषयीच्या अभ्यासातून विकसित करून १९५४ मध्ये ही पद्धत मांडली. ज्या प्रसंगांत कर्मचाऱ्याच्या कृतीमुळे काम विशेष यशस्वी झाले किंवा फसले, असे प्रसंग गोळा करून त्यांतून कामाच्या खऱ्या गरजा शोधल्या जातात.

कोणतीही एक पद्धत परिपूर्ण नाही. म्हणून किमान दोन पद्धतींचा संयुक्त वापर करणे आणि तयार झालेले वर्णन पदधारकास दाखवून त्याची दुरुस्ती करून घेणे इष्ट ठरते.

भरती व निवड : अट कामाची की रूढीची?

मनुष्यबळ नियोजन, भरती, निवड, प्रशिक्षण, कामगिरी मूल्यमापन, सुरक्षितता व वेतननिश्चिती या सर्व कार्यांस कार्य विश्लेषण आधार पुरविते. त्यांपैकी निवडीच्या संदर्भात एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. जाहिरातीत घातलेली पात्रतेची अट त्या कामातून निघाली आहे की केवळ रूढीतून?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये 'ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी' या खटल्यात हाच प्रश्न विचारला. या वीज कंपनीत कृष्णवर्णीय कामगारांना पूर्वी केवळ मजुरी विभागातच घेतले जाई. पुढे कंपनीने अन्य विभागांसाठी माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र व लेखी चाचण्या यांची अट घातली. या अटी वरकरणी सर्वांना सारख्या होत्या. परंतु त्या लागू होण्यापूर्वी नेमलेले, प्रमाणपत्र नसलेले श्वेतवर्णीय कामगार त्याच विभागांत समाधानकारक काम करीत होते. अटींचा कामातील यशाशी संबंध असल्याचे कंपनी दाखवू शकली नाही, म्हणून न्यायालयाने त्या अवैध ठरविल्या. निवडीची अट कामाशी निगडित असली पाहिजे, या तत्त्वास त्यामुळे कायदेशीर बळ मिळाले आणि कार्य विश्लेषण ही तेथील मालकांच्या दृष्टीने आवश्यक बाब झाली.

याच प्रश्नाचे अधिक कठोर रूप मुंबईच्या कापड गिरण्यांत त्यापूर्वीच दिसून आले होते. विणाई खात्यात तुलनेने अधिक मजुरी मिळे. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कामगारांना त्या खात्यात प्रवेश नसे. धोट्यात नवी कांडी बसविताना विणकरास सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ वाटे, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. कार्य विश्लेषणाच्या दृष्टीने पाहता सूत ओवणे हे विणाईचे आवश्यक कार्य होते. ते तोंडाने ओढणे ही केवळ एक पद्धत होती आणि ती कामगाराच्या आरोग्यासही अपायकारक होती. जात हा तर त्या कार्याचा घटकच नव्हता. कार्य, कार्यपद्धती आणि रूढी ही तीन वेगळी करून पाहिली की कोणती अट खरी व कोणती लादलेली, हे उघड होते.

वेतननिश्चिती : मुंबईतील लघुलेखिकांचे प्रकरण

समान कामास समान वेतन हे तत्त्व मान्य केल्यानंतर 'समान काम' कशास म्हणावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर पदनामावरून देता येत नाही. या संदर्भात 'मॅकिनन मॅकेन्झी आणि कंपनी विरुद्ध ऑड्रे डिकॉस्टा' या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निर्णय मार्गदर्शक आहे.

मुंबईतील या कंपनीत स्त्री लघुलेखिकांना 'गोपनीय' लघुलेखिका म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमले जाई, तर पुरुष लघुलेखक सर्वसाधारण विभागात काम करीत. लघुलेखिकांचे वेतन पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी होते. समान वेतन कायदा, १९७६ अन्वये श्रीमती डिकॉस्टा यांनी दाद मागितली. दोन्ही गट वेगळे आहेत व वेतन कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार ठरले आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. कंपनीची आर्थिक स्थिती बरी नसल्याचेही सांगण्यात आले.

न्यायालयाने नावापलीकडे जाऊन काम पाहिले. दोन कामे सारखी आहेत की नाहीत हे ठरविताना व्यापक दृष्टी ठेवावी, किरकोळ फरकांना महत्त्व देऊ नये आणि तत्त्वतः कोणती कर्तव्ये सोपविता आली असती यापेक्षा प्रत्यक्षात कोणती कर्तव्ये पार पाडली जातात हे पाहावे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्या कसोटीवर दोन्ही गटांच्या कामांत व्यावहारिक महत्त्वाचा फरक आढळला नाही. कराराच्या आधारे कायद्याचे बंधन टाळता येणार नाही आणि आर्थिक अडचण ही सबब होऊ शकत नाही, हेही स्पष्ट झाले.

या निर्णयाचा अभ्यास विधी शाखेत होतो. परंतु व्यवस्थापनाच्या अभ्यासकासही त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. न्यायालयाने वापरलेली कसोटी ही वस्तुतः कार्य विश्लेषणाचीच कसोटी आहे. कंपनीने ते विश्लेषण स्वतःहून केले असते, तर एका कर्मचाऱ्यास त्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा द्यावा लागला नसता. १९७६ च्या कायद्यात कौशल्य, प्रयत्न व जबाबदारी हे तुलनेचे निकष होते. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संमत झालेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये अनुभवाचीही भर पडली आहे. हे निकष प्रत्येक पदास लावावयाचे, तर त्या पदाचे लेखी व सत्य वर्णन हाताशी असणे अपरिहार्य आहे.

महाविद्यालयीन अध्यापकाच्या कार्याचे विश्लेषण

वरील विवेचन कारखाने व कंपन्यांपुरते मर्यादित मानण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार वर्षातील तीस कार्य आठवड्यांत दर आठवड्यास किमान ४० तास इतका आहे. त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकासाठी १६ तास व सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकासाठी १४ तास आहे. याचा हिशेब केल्यास सहायक प्राध्यापकाचा वार्षिक कार्यभार किमान १२०० तासांचा होतो व त्यात वर्गातील अध्यापनाचे ४८० तास असतात. म्हणजेच ४० टक्के काम वेळापत्रकात दिसते आणि उर्वरित ७२० तासांचे, म्हणजे ६० टक्के काम वेळापत्रकाबाहेर असते.

या ६० टक्क्यांत पाठाची पूर्वतयारी, प्रश्नपत्रिका तयार करणे, उत्तरपत्रिका तपासणे, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन, संशोधन, राष्ट्रीय सेवा योजना, विविध समित्या, प्रवेशप्रक्रिया आणि नॅक मूल्यांकनासाठीची माहिती संकलित करणे अशी कामे येतात. त्यांपैकी कोणती अध्यापकाची आवश्यक कर्तव्ये आहेत, कोणती कार्यालयीन स्वरूपाची असून अन्य पदाकडे सोपविता येतील आणि कोणती एकाच व्यक्तीवर वारंवार येतात, हे दैनंदिनी पद्धतीने तपासता येण्याजोगे आहे.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथे मानधनाचे एकक तासिका हे असते. परंतु तासिका घेण्यासाठी पूर्वतयारी करावी लागते, वर्ग संपल्यावर विद्यार्थी शंका घेऊन येतात आणि सत्राच्या अखेरीस अंतर्गत मूल्यमापन करावे लागते. ही कामे अध्यापनापासून विलग करता येत नाहीत. नियमित अध्यापकाच्या कार्यभारात ज्या कामास वेळ गृहीत धरला आहे, तेच काम तासिकेच्या हिशेबात अदृश्य होते. मानधन किती असावे हा धोरणाचा प्रश्न आहे. परंतु काम किती आहे हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर धोरणापूर्वी मिळावयास हवे. ते मिळविण्याचे साधन वाणिज्य व व्यवस्थापन विभागांच्या अभ्यासक्रमातच उपलब्ध आहे.

मर्यादा व घ्यावयाची दक्षता

कार्य विश्लेषण हे तटस्थ साधन असले, तरी त्याचा वापर नेहमी तटस्थपणे होतोच असे नाही. आपल्या कामाचे मोजमाप सुरू झाले की कर्मचाऱ्याच्या मनात शंका निर्माण होते. या शंकेस इतिहासाचा आधार आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील काही गिरण्यांत कार्यक्षमतेच्या नावाखाली विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा स्वरूपाच्या योजना आल्या. त्यांस झालेला विरोध हे १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपाचे एक प्रमुख कारण होते. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे प्रमाणित वेतनदरांचा प्रश्न चर्चेस आला. कामाचे मोजमाप कामगारास विश्वासात न घेता केले, तर ते कितीही शास्त्रीय असले तरी स्वीकारले जात नाही, हा त्या अनुभवाचा बोध आहे.

म्हणून पुढील बाबींची दक्षता घेणे आवश्यक ठरते.

१) विश्लेषणाचा उद्देश कर्मचाऱ्यांना आरंभीच लेखी कळवावा.

२) पदधारकाचे म्हणणे नोंदवावे आणि पर्यवेक्षकाशी मतभेद असल्यास तोही नोंदवावा.

३) काम वाढवून सांगण्याची किंवा नेहमीचे म्हणून गाळण्याची प्रवृत्ती लक्षात घेऊन माहिती दोन मार्गांनी पडताळावी.

४) नवे यंत्र, नवी प्रणाली किंवा नवा नियम आल्यास वर्णनाचे पुनरावलोकन करावे.

५) कार्य वर्णनाचा उपयोग 'हे माझे काम नाही' असे म्हणून सहकार्य नाकारण्यासाठी होऊ नये, तसेच 'इतर सोपविलेली कामे' या शेवटच्या वाक्याखाली अमर्याद काम लादण्यासाठीही होऊ नये.

यांपैकी शेवटची बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. जे काम 'इतर' म्हणून वारंवार करावे लागते, ते वस्तुतः 'इतर' राहिलेले नसते. त्यास वर्णनात स्वतंत्र स्थान दिले पाहिजे.

समारोप

कार्य विश्लेषण हे मानव संसाधन व्यवस्थापनाचे पायाभूत कार्य आहे, असे नेहमी म्हटले जाते. वरील विवेचनावरून या विधानाचा अर्थ अधिक नेमका करता येतो. ड्यूक पॉवर कंपनीतील अट, गिरणीच्या विणाई खात्यातील मज्जाव, मुंबईतील लघुलेखिकांचे वेतन आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन या चारही उदाहरणांत मूळ प्रश्न एकच आहे : निर्णय प्रत्यक्ष कामाकडे पाहून झाला की कामाविषयीच्या पूर्वकल्पनेवरून? पहिल्या तिन्ही उदाहरणांत प्रत्यक्ष काम पाहताच पूर्वकल्पना टिकली नाही. चौथ्या उदाहरणात ते अद्याप पाहावयाचे आहे.

शिक्षणसंस्थांनी या कामाचा आरंभ आपल्यापासून करणे उचित ठरेल. एका शैक्षणिक वर्षात एका महाविद्यालयाने प्रयोगशाळा परिचरापासून प्राचार्यापर्यंत प्रत्येक पदाचे कार्य वर्णन पदधारकांच्या सहभागाने तयार केले, तर त्यास मोठा खर्च येणार नाही. वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून त्यात सहभागी करून घेता येईल. त्यातून विद्यार्थ्यांना विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान मिळेल, प्रशासनास नियोजनासाठी विश्वसनीय माहिती मिळेल आणि ज्यांचे काम आजवर कोणत्याही कागदावर आले नाही, त्यांच्या कामाची प्रथमच नोंद होईल. वेतन, बढती व सन्मान यांविषयीची पुढील चर्चा या नोंदीच्या आधारे करता येईल.